खोडलेली लाट

समुद्र मी आयुष्यात दोनदाच पाहिला आहे, तरी पोट त्याच्यावरच भरतो. वैनगंगेकाठच्या बालाघाट गावातल्या घरात, वरच्या खोलीत बसून मी लाटांचं गणित करतो. पाण्यावर तरंगणाऱ्या यंत्राने वर्षानुवर्षं मोजलेल्या लाटांच्या उंच्या घ्यायच्या आणि शंभर वर्षांत एखाद्या वेळीच येईल अशी लाट केवढी असेल, ते काढायचं. किनाऱ्यावरची भिंत किती उंच बांधायची, ते त्यावर ठरतं. शेजारी हसतात, "यहाँ कौन-सा समंदर है, भैया?"

मागे कोकणातल्या एका कोळीवाड्याच्या भिंतीचं काम आलं. सगळ्या नोंदी एका रेषेवर छान बसल्या, एक सोडून. एका वादळातल्या पहाटेची लाट बाकीच्यांच्या कितीतरी वर होती. ती धरली की रेष बिघडायची, भिंत वाढायची आणि काम देणाऱ्या साहेबांचे प्रश्न सुरू व्हायचे. वादळात यंत्र चुकतं, हे आमच्या धंद्यातलं सोयीचं कारण. मी ती लाट हिशेबातून खोडली; कागदावर तिचा ठिपका तेवढा उरला. रेष इतकी देखणी आली की साहेबांना पाठवली आणि बाबांनाही वर बोलावून दाखवली.

बाबांनी उभी नोकरी वैनगंगेच्या पुलाखाली काढली. पट्टीवर पाण्याची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची, हे त्यांचं काम. त्यांनी चष्मा सारखा केला.

"अन् हा ठिपका काहून एकटा?"

"तो काढला, बाबा. बाकीच्यांत बसत नव्हता."

"तिथल्या माणसायले विचारलं का?"

उत्तराची वाट न पाहता ते जिना उतरून गेले.

मी शाळेत असताना मोठा पूर आला होता. बाबा कंबरभर पाण्यातून जाऊन पट्टी वाचून आले. दूर बसलेल्या साहेबाने तो आकडा अशक्य ठरवून खोडला आणि लहान आकडा लिहिला. "म्या डोयानं पाह्यलं," एवढंच बाबा म्हणत राहिले, दोन दिवस धड जेवले नाहीत. त्या साहेबाला मी मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या होत्या! आता त्याच्याच खुर्चीत मी ऐटीत बसलो होतो. मी कामाचे कागद पुन्हा उपसले.

त्यांत कोळीवाड्याचं एक पत्र होतं, मी उघडलंच नव्हतं. त्या पहाटे पाणी शाळेच्या व्हरांड्यात शिरलं, होड्या अंगणात येऊन पडल्या, असं त्यात होतं. तारीख तीच.

लाट परत घातली. भिंत हातभर वाढली. आधी का वगळली, असं साहेबांनी विचारलंच. 'यंत्राबद्दल शंका होती,' असं लिहून मी मोकळा झालो. शंका कसली? यंत्र तपासायचे कष्टसुद्धा मी घेतले नव्हते.

संध्याकाळी बाबांना सांगितलं, आकडा परत लिहिला.

"साहेबाले सांगतलं ना, माहीच चूक होती म्हून?"

"हौ," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ते चार माणसांना सांगत होते, "माहा पोरगा त्या साहेबासारखा नाही. चूक झाली तं सोता कबूल करते." मग वळून माझ्याकडे पाहिलं. मी बशीत चहा ओतत राहिलो, बशी भरून सांडली तरी.