ट्रिपचं बटण

आमच्या ताईच्या संशयाला कधी सुट्टी नसे. भावोजी दुकानोदुकानी जाऊन वजनकाटे दुरुस्त करायचे, आणि ताईच्या मते त्यातला एकच काटा मुद्दाम बिघडायचा: पुलापलीकडच्या लाँड्रीवालीचा. लाँड्रीवाली एकटी, हसरी, केस मोकळे सोडणारी. "तिचाच काटा बरा सारखा बिघडतो!" असं ताई भाजी चिरताना म्हणायची, आणि मग त्या भाजीची काही धडगत नसायची.

भावोजींची गाडी जुनी, लग्नाच्याही आधीची. मीटरमध्ये एकूण किलोमीटरच्या खाली आकड्यांची एक छोटी ओळ होती. शेजारचं बटण दाबलं की ती शून्यावर यायची. ताईनं हे बरोबर हेरलं. रोज सकाळी डबा द्यायच्या निमित्तानं ती खिडकीतून आत वाकायची आणि बटण दाबायची. संध्याकाळी पिशवी काढायच्या निमित्तानं आकडा वाचायची. आकडा जास्त आला, तर लाँड्रीवालीला फिरवून आणलं असणार. कमी आला, तर तिच्याकडेच ठाण मांडून बसले असणार. भावोजींची कशातूनच सुटका नव्हती.

एक दिवस आकडे हलेनात. वेगाचा काटा नाचत होता, आकडे मात्र जागच्या जागी. ताईचं डोकंच फिरलं.

"मुद्दाम मोडलाय! मला काय दूधखुळी समजतात?"

तिनं मला साक्षीला घेतलं आणि आम्ही तिघं मीटरवाल्याकडे गेलो.

मीटरवाल्यानं डॅशबोर्ड उघडून मीटर बाहेर काढला आणि नखाएवढं प्लॅस्टिकचं चाक चिमट्यात धरून दाखवलं. त्याचे अर्धे दात उडाले होते.

"चालत्या गाडीत ट्रिपचं बटण कोण दाबतं हो? गाडी उभी असतानाच दाबायचं असतं. आतलं चाक फिरत असताना दाबलं, की दात जाणारच."

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. ती वाकायची तेव्हा गाडी हळूहळू फाटकाबाहेर निघालेली असायची.

"मीच दाबतो," भावोजी म्हणाले. "वाईट खोड आहे."

नवं चाक बसलं. परतताना गाडीत ताईला राहवेना.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि ती बया?"

"तिनं केव्हाच नवा काटा घेतलाय. वर्ष झालं, मी तिकडे फिरकलोसुद्धा नाही."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं, तर तू रोज फाटकापर्यंत आली असतीस का?"

ताई खिडकीबाहेर बघत हसत होती, काचेत दिसलं मला. मी मागच्या सीटवर बसून नुसती जळत होते. हिनं नवऱ्याचा पिच्छा पुरवायचा, त्याची गाडी बिघडवायची, आणि वर त्यानं हिच्यासाठी खोटं बोलायचं! मी जन्मात कुणावर संशय घेतला नाही, तर मला काय मिळालं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. भावोजींनी म्हणे फाटकात गाडी चक्क बंद केली आणि म्हणाले, "हं, दाब आता." सांगताना तिचा आवाज कसा गोड झाला होता.

मी फोन ठेवला आणि तशीच बाहेर गेले. आमचे हे गाडीत बसून मोबाइल बघत होते. मी खिडकीतून आत वाकले, मीटरपर्यंत हात नेला.

ह्यांनी मान वर न करताच विचारलं, "काही हरवलंय का तुझं?"