मिनीबसमधला मे महिना

भिवंडीजवळच्या राहनाळात गोदूबाईच्या रागाला सगळे वचकून असत. गावात गोदामं नवी होती तेव्हा एका ड्रायव्हरने तिच्या वाळत घातलेल्या भातावरून ट्रक नेला. बाईने त्याला खाली उतरवलं आणि दाणा न् दाणा वेचायला लावला. मागे ट्रकांची रांग पार नाक्यापर्यंत गेली. पण हा राग परक्यांसाठी. मुलापुढे तिचं तोंड शिवलेलं असे. मनोज एकुलता एक, तोही नवसाचा. तिथेच चुकलं म्हणायचं.

दोन हजार सातच्या एप्रिलात मनोजने बंगल्यासाठी जुनं घर पाडलं. बंगला होईपर्यंत राहायचं कुठे? शहाण्या माणसाने शेजारी दोन खोल्या घेतल्या असत्या. पण ज्याच्या जागेवर सहा गोदामं उभी, त्याने भाड्याच्या खोलीत राहायचं? आपलेच भाडेकरू हसतील, हे मनोजचं म्हणणं. चैत्रात एकवीरेला जायला त्याने एक जुनी मिनीबस सजवून घेतली होती. आत दोन पलंग, गॅस, एसी. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांना काळ्या काचा कायमच्या बसवलेल्या. बाहेरून गडद मरून रंग. ती त्याने रस्त्याच्या कडेला, भर उन्हात उभी केली, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला हवी ना! त्यात आई-बापाला ठेवलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

भिवंडीत तेव्हा लोडशेडिंगने कापडाचे लूम बंद पडत होते, तिथे एसीची काय कथा? अकराला गेलेली लाईट तीनला यायची. तोवर पत्रा असा तापायचा की भांड्याला हात लावला तर चटका बसे. जनरेटर उद्या येणार होता. हा उद्या महिनाभर उजाडला नाही. सून करिष्मा तान्ह्या पोरीला घेऊन दिघाशीला माहेरी गेली, तिला उकाडा सोसत नव्हता. म्हाताऱ्याला सोसतो का, हे कुणी विचारलं नाही.

आणि म्हातारा सांगणार तरी कसा? रामनाथची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी लकव्याने गेली, वाचाही गेली. ज्या माणसाने भर उन्हात उभा जन्म शेतात काढला, तो आता पलंगावर पडून घाम गाळत होता. गोदूबाई दिवसभर त्याला सुपाने वारा घाले. पण गरम हवाच इकडून तिकडे व्हायची.

"मनोज, गाडी चिंचंखाली लाव रं. सावली हाय, वारा हाय," तिने एकदा सांगितलं.

"आय, तिथं बगळे बसतात. सगला रंग खराब होईल."

"मंग काचा तरी काढ."

"काचा काढल्यावर एसीचा उपयोग काय?"

गोदूबाईने राग गिळला. आठ दिवस गिळला. खरं तर तेव्हाच ओकायला हवा होता.

त्या दुपारी ती विहिरीवरून पाणी घेऊन आली. रामनाथला हाक मारली, तर डोळे पांढरे. अंग चुलीवरच्या तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाडलेल्या घरातून तिने एकच वस्तू वाचवली होती, पाटा-वरवंटा. तिने वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि काचेवर घातला. पहिला घाव काचेने सोसला. दुसऱ्याला तिचा चुरा झाला. मग दुसरी काच, तिसरी, चौथी.

आवाज ऐकून लडकू धावत आला. हा गोदामातल्या हमालांचा मुकादम, गावचाच. चार हमालांनी रामनाथला चादरीत घालून चिंचेखाली नेलं. गोदूबाईने लुगड्याचा पदर भिजवून त्याचं अंग पुसलं, मानेला, काखेत ओल्या चिंध्या ठेवल्या. गावातला डॉक्टर आला, त्याने सलाईन लावलं. अर्ध्या तासाने रामनाथने डोळे उघडले. डॉक्टर म्हणाला, "आणखी थोडा उशीर झाला असता, तर माझं काही काम नव्हतं."

गोदूबाई उठली. "लडकू, ती गाडी हितं आण."

"वहिनी, मनोजशेटला इचारलं पायजे."

"जागा माज्या नवऱ्याची हाय. आण!"

समोर माल उतरवणाऱ्या ट्रकला साखळी बांधून मिनीबस ओढत चिंचेखाली आणली. बंगल्याच्या कामावरचा चुना कालवून गोदूबाईने लडकूला टपावर चढवलं. मरून टप पांढरा झाला, चुन्याचे ओघळ खाली दारापर्यंत आले. त्यावर गोदामातली गोणपाटं ओली करून पसरली. फुटक्या खिडक्यांतून वारा आरपार वाहू लागला. संध्याकाळी आत पलंगावर रामनाथ शांत झोपला. त्याच्या कपाळावर दुपारी आटलेला घाम परत आला होता. तो घाम पाहून गोदूबाईला रडू आलं.

लडकूने मनोजला दुपारीच फोन केला होता: बापाला उन्हाची झीट आली, लवकर या. मनोज कल्याणला बंगल्याच्या फरश्या बघायला गेला होता. दिवेलागणीला त्याची गाडी आली. आला बाई पोर, म्हणून गोदूबाई दारातून बाजूला सरली, त्याला आत जायला वाट दिली.

मनोज खालीच थांबला. त्याने बसभोवती एक फेरी मारली. टपावरून एका बगळ्याला हाकललं.

"आय! काय केलंस हे? रंग गेला सगला! काचा कुणी फोडल्या?"

"मी."

"आता ही उभी कुठं करू? लोक काय म्हणतील?"

गोदूबाई ओरडली नाही. गावाने ऐकलेला तिचा आवाज त्या वेळी आला नाही.

"तू आल्यापासून रंग इचारलास," ती म्हणाली, "काचा इचारल्यास. लोकांचंपन इचारलंस. बापूस जिता हाय का, त्ये अजून इचारलं न्हायस."

आणि तिने दार आतून लावून घेतलं.