राखाडी तारा

मांजरसुंब्याच्या फाट्यावर अजीजभाईंचा फळांचा गाडा आहे. बोरांच्या दिवसांत त्यांचा मुलगा कलीम गाड्यावर बसला की पिकल्या बोरांच्या ढिगात हिरवी मिसळायची. गिऱ्हाईक कुरकुरायचं आणि अजीजभाई म्हणायचे, "ध्यान कुठं असतंय तुझं?" ध्यान बोरांवरच असायचं. कलीमला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नव्हता, इतकंच. तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला तरी हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. कॉलेजात तो तारांना चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यांवर अक्षरं लिहायचा. पोरांना वाटायचं, लई टापटिपीचा आहे.

मग पुण्याच्या एका कंपनीत निवड झाली आणि तिथल्या डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं चित्र समोर धरलं. "कोणता आकडा दिसतोय?" कलीमला नुसते ठिपके दिसले. निवड रद्द झाली. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "जागा भरल्या, अब्बा." त्यानंतर गाड्यामागं बसून तो हायवेवरचे ट्रक बघत राहायचा. शिकलेलं सगळं पाण्यात गेलं, हा एकच विचार डोक्यात फिरायचा.

पुढं बीडला सत्यशीला मॅडमच्या वर्कशॉपमधून बोलावणं आलं. साखर कारखान्यांच्या मोटारी चालू-बंद करणारी कपाटाएवढी पॅनेलं तिथं बनत. खुर्चीत टेकल्या टेकल्या कलीम म्हणाला, "मॅडम, एक आधीच सांगतो. मला लाल-हिरवा कळत नाही. नंतर समजून काढून टाकाल, त्यापेक्षा..."

शेजारी स्क्रू आवळत बसलेले जुने फिटर म्हाळूमामा थबकले. "मंग सिग्नलला काय करतो बे?"

"वरचा दिवा लागला की थांबतो, मामा."

"थांबतो? मंग तू आपल्याकडचा न्हाईच!"

मॅडम हसल्या नाहीत. उठून त्यांनी एका अर्धवट पॅनेलचं दार उघडलं. "ये इकडं. या तारांचे रंग सांग."

आत तारांचं जंगल होतं. कलीम एकेक तार न्याहाळत गेला. "सगळ्या... सारख्याच दिसतायत, मॅडम," तो पडेल आवाजात म्हणाला.

"सारख्याच आहेत. राखाडी. इतक्या तारांना इतके रंग आणायचे कुठून? प्रत्येकीच्या टोकाला नंबराची रिंग असते. नंबर वाचता येतो ना?"

कलीम वाकला. पांढऱ्या इवल्या रिंगांवर काळे आकडे होते, स्वच्छ. मॅडमनी तारांच्या जोडणीचा नकाशा हातात दिला. चाचणीत या पॅनेलवरून एक पंप चालू होत नव्हता, त्याचं कारण शोधायचं होतं. आकड्यांवरून बोट फिरवत तो आत आत गेला आणि चुकीच्या जागी बसलेली तार त्यानं शोधून काढली. तोवर त्याच्यासाठी मागवलेला चहा निवला होता.

"आता ऐक," मॅडम म्हणाल्या. "जाड केबली लाल, पिवळ्या, निळ्या असतात. तिथं तू मीटर लावायचा, मामांनी डोळ्यांनी बघायचं. दोघांनी हो म्हटल्याशिवाय वीज सोडायची नाही. आणि बाहेर विजेच्या लाइनच्या कामावर मी तुला पाठवणार नाही. तिथं रंग लागतोच. चालेल?"

"चालेल."

"सोमवारी लवकर ये," मामा म्हणाले. "आन् येताना सिग्नलला थांबत बसू नको."

बाहेर येऊन कलीमनं फोन लावला. "अब्बा, नोकरी लागली! डोळे असे असूनसुद्धा लागली!"

पलीकडं गाड्यावरचा गलका, मग अजीजभाईंचा घाबरा आवाज. "आँ? डोळ्यांना काय झालं तुझ्या?"

कलीम भर रस्त्यात मोठ्यानं हसला. "काही नाही झालं, अब्बा. घरी येतो, मग सगळं सांगतो."