सहाव्या मजल्यावरचे एगकप

माझी मावशी एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवायची. जाळीचं दार ओढायचं, मजला पुकारायचा, म्हाताऱ्यांना आधी आत घ्यायचं. अख्खी नोकरी तिने लोकांना वर नेण्यात आणि खाली आणण्यात काढली. मग ती निवृत्त झाली, तिचे गुडघे कामातून गेले आणि त्याच सुमाराला तिच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली. मावशी राहायची सहाव्या मजल्यावर.

"कसलातरी सुटा भाग यायचाय," सेक्रेटरी सांगायचे. "पुढच्या आठवड्यात नक्की."

तो पुढचा आठवडा काही उजाडत नव्हता. मावशी घरात अडकली ती अडकलीच. मी ऑफिस सुटलं की भाजी, औषधं घेऊन चढायचे. ती दारातच विचारायची, "खाली काय चाललंय?" मी काय सांगणार? खाली नेहमीचंच चाललेलं असायचं. तिला तेच हवं होतं.

तिच्या बैठकीच्या खोलीत काचेचं एक कपाट होतं, एगकपांनी भरलेलं. उकडलेलं अंडं उभं ठेवून चमच्याने खातात ते एका पायावरचे चिमुकले कप. दुकानात चौथ्या मजल्यावर काचसामान होतं. सेटमधलं काही फुटलं की उरलेले कप कोपऱ्यात पडायचे, ते ती घेऊन यायची. पुढे जुन्या बाजारातूनही आणायला लागली. काही तर तिच्या आईच्या वयाचे होते. गंमत अशी, की मावशीला स्वतःला अंडं चालत नसे. खाल्लं की अंगभर गांधी उठायच्या.

ती दिवसेंदिवस गप्प व्हायला लागली, तेव्हा मीच सुचवलं. "रविवारी फोनवर व्हिडिओ कॉल लावून लोकांना कप दाखव. घरबसल्या चार माणसं भेटतील."

"माझी भांडी बघायला कोण रिकामं बसलंय?"

पण लोक बसले. पहिल्या रविवारी सगळ्यांना तिचं कपाळ आणि पंखाच दिसला, तरी तळमजल्यावरचा शिंपी, तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई शेवटपर्यंत थांबले. मावशी एकेक कप उजेडात धरून त्याची हकिकत सांगायची. चार रविवारांनंतर तिने स्वतःहून एक जुना नंबर शोधून काढला. तो काचसामानाच्या काउंटरवरच्या विक्रेत्याचा होता. दुकानात ती सगळ्यांना त्यांच्या मजल्याच्या आकड्याने हाक मारायची, म्हणून ते चौथे. आणि ती त्यांची लिफ्टबाई.

"चौथे, हा ओळखला का?" तिने कोंबडीच्या पायांवर उभा असलेला एक कप दाखवला.

"लिफ्टबाई, तो मीच बाजूला ठेवला होता तुमच्यासाठी. साहेबांना सांगितलं, फुटला म्हणून."

"इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

"चार मजल्यांत बोलून बोलून किती बोलणार?"

मावशी लाजली. मी मुकाट्याने स्वयंपाकघरात गेले.

एका संध्याकाळी चौथे सुनेला घेऊन मावशीच्या इमारतीखाली आले. त्यांना दमा, सहा जिने चढणं शक्य नव्हतं. ते अंगणात उभे, मावशी खिडकीत, दोघांच्या कानाला फोन.

"दिसतोय का मी?"

"टोपी दिसतेय."

"तोच मी. मला इथून नुसता पडदा हलताना दिसतोय."

"तीच मी," मावशी म्हणाली.

दोघं बराच वेळ तसे उभे होते. शेवटी सून म्हणाली, गारठा वाढतोय, आणि टोपी फाटकाबाहेर गेली.

थंडी सरता सरता सुनेचा फोन आला. बाबा इस्पितळात आहेत, लिफ्टबाई आल्या का म्हणून सारखे विचारताहेत, येता आलं तर या. मावशीने ठेवणीतली साडी नेसली. शिंपी आणि शिक्षिकाबाईंचे यजमान खुर्ची घेऊन आले. तिला बसवून दोघांनी खुर्ची उचलली. मी तिची पर्स घेऊन पुढे. जिन्याच्या पहिल्याच वळणावर खुर्ची भिंत आणि कठड्याच्या मध्ये अडली. तिरकी करून बघितली, तर मावशी घसरायला लागली. शिंप्याचा हात मुरगळला. तो ओठ दाबून म्हणाला, "काही नाही झालं. पुन्हा बघू."

"पुरे," मावशी म्हणाली. "एकाच्या भेटीसाठी दुसऱ्याचा हात मोडायचा नाही. वर न्या मला."

त्यांनी तिला परत नेलं. सेक्रेटरी दारात उभे राहून पुन्हा त्या सुट्या भागाबद्दल सांगायला लागले, तेव्हा मावशीने पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर दार लावलं.

मग सुनेने इस्पितळातून फोन लावून दिला. पडद्यावर चौथे दिसले, तोंडावर प्राणवायूचा मास्क. मावशीने कपाटातून हाताला लागला तो कप घेतला आणि समोर धरला. चौथ्यांनी डोळे उघडून पाहिलं. पापण्या जड झाल्या, मिटल्या. मावशीचा हात भरून आला तरी तिने तो खाली घेतला नाही. मी फोन बंद केला तेव्हा कुठे घेतला. त्याच आठवड्यात ते गेले.

लिफ्ट सुरू झाली तेव्हा उन्हाळा होता. मी मावशीला रिक्षाने त्यांच्या घरी नेलं. सुनेने चहा केला. कप हातात देत ती म्हणाली, "रविवारी पहाटेच उठून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे बाबा. आम्ही चिडवायचो, अहो, फोनला अजून चार तास आहेत."

एवढं बोलून ती हसली. मावशीनेही हसायचा प्रयत्न केला. मग कपबशी खाली ठेवली आणि मला म्हणाली, "चल. त्यांना कामं असतील."