मौनात मागे बसणारा

या धाग्यावरचे बहुतेक अनुभव मी वाचून काढले आणि खरं सांगतो, निम्म्यांना हसलो. माझी सगळी नोकरी वीज खात्यात ओव्हरसियर म्हणून गेली. दिवा आपोआप लागला की लोक देवापुढे नारळ फोडतात, आम्ही पेटी उघडून लूज कनेक्शन शोधतो. स्वभाव अजून तसाच आहे... बायकोच्या मते जरा जास्तच. तरीही एक गोष्ट अशी आहे की पन्नास वर्षं शोधूनही तिचं लूज कनेक्शन मला सापडलेलं नाही. यात रात्र नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी नाही. सगळं दिवसाढवळ्या घडलेलं आहे. ज्यांना ते सामान लागतं त्यांनी इथेच थांबावं.

आम्ही भिंगारला राहायचो. वडील लष्कराच्या एका ऑफिसात क्लार्क, त्यामुळे क्वार्टर मिळालं होतं. मी सतरा वर्षांचा असताना वाया गेलो होतो. आधी गांजा, मग झोपेच्या गोळ्या. झोपेसाठी नाही, जागं राहून तरंगण्यासाठी. मॅट्रिकला दोनदा आपटलो, आईच्या पाटल्या विकायला निघालो, तेव्हा कोणीतरी वडिलांना संगमनेरच्या आश्रमाचं नाव सांगितलं. हे बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी.

आश्रम म्हणजे प्रवरेच्या बाजूला, गावापासून चार मैलांवर एक लांबलचक पत्र्याची इमारत. एक रिटायर झालेले ड्रिल मास्तर तो चालवायचे, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. चौदा ते अठरा वयाची वीस-बावीस पोरं. औषध नाही, डॉक्टर नाही. दोनच उपाय होते. एक कबुली आणि दुसरा मौन.

कबुली रोज सकाळी. गोल करून बसायचं, एकेकाने उभं राहून आपला एक गुन्हा सांगायचा. सुरुवातीला गुन्ह्यांना तोटा नसतो. पण रोज एक म्हटल्यावर महिन्याभरात माल संपतो. मग पोरं गुन्हे बनवायला लागायची. मीही बनवला. उभं राहून सांगितलं की मी वडिलांचं घड्याळ चोरून विकलं. गुरुजींनी वडिलांना पत्र टाकलं. वडिलांचं उलट टपाली उत्तर आलं की घड्याळ माझ्या मनगटावर आहे आणि वेळही बरोबर दाखवतंय. झालं... खोट्या कबुलीबद्दल मला नऊ दिवस मौन.

मौन म्हणजे गळ्यात कोरी पाटी अडकवून मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसायचं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. जेवणसुद्धा तिथेच. हातांना काम म्हणून भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या. मान मागे वळवली तर तीन दिवस वाढणार. आणि तुमच्याशी जो बोलेल त्याच्याही गळ्यात पाटी. लिहिताना हे काही फार वाटत नाही, पण गोळ्या सुटलेल्या पोराला चुन्याच्या भिंतीसमोर बसवून बघा. दुसऱ्या दिवशी मला भिंतीत तोंडं दिसायला लागली. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की उद्या नदीकडे जायचं आणि परत यायचं नाही. हे मी नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाहीये, ठरवलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी कोणीतरी येऊन माझ्या मागे बसलं.

पाठीला पाठ जवळजवळ लागेल इतक्या जवळ. आणि शेंगा फोडायला लागलं. कट्... कट्... थोड्या वेळाने अगदी दबक्या आवाजात विचारलं, "आज कालवण काय हुतं?"

मला रडू फुटलं. मी म्हणालो, आमटी. तो म्हणाला, "जाड हुती का पातळ?" बस, एवढंच. मग रोज यायला लागला. असंच काहीबाही विचारायचा. नदीला पाणी किती, तुझ्या घरी म्हैस आहे का, आई कशी दिसते. माझी खात्री होती की तो वसंता आहे. वसंता म्हणजे कोपरगावकडच्या ऊस बागायतदाराचा मुलगा, माझ्या शेजारच्या सतरंजीवर झोपायचा, बोलणंही तसंच गावाकडचं. मी त्याला वसंताच म्हणायचो आणि तो ओ द्यायचा. संध्याकाळी स्वयंपाकवाल्या मावशी शेंगदाणे पायलीने मापायच्या. माझ्या हातून एरवी पाऊण पायली व्हायची मारामार, त्या दिवसांत पायली भरून वर ढीग. मावशी म्हणाल्यासुद्धा, की तुझा हात लई चालायला लागला.

मौन संपल्यावर मी याबद्दल वसंताशी चकार शब्द बोललो नाही. कोणाच्या कानावर गेलं असतं तर त्याच्या गळ्यात पाटी पडली असती. पुढे महिन्याभराने मी घरी आलो, आणि पुन्हा गोळीला हात लावला नाही. भिंगारमध्ये आश्रमाचं नाव झालं. माझ्यामुळे झालं हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कारण दोन वर्षांनी माझा धाकटा भाऊ विजू त्याच वाटेला लागला. सोळा वर्षांचा. वडिलांनी मला विचारलं, काय करू? मी म्हणालो, पाठवा. आई नको नको म्हणत होती. मीच तिची समजूत घातली, मीच त्याची पिशवी भरली, मीच त्याला एसटीत बसवलं.

तो जाऊन अठरा दिवस झाले असतील, तोच प्रभाकरचं कार्ड आलं. प्रभाकर हा संगमनेरच्या शाळामास्तरांचा मुलगा, आमच्याच वेळचा. कोण्या पालकाने आश्रमाविरुद्ध तक्रार केली होती आणि गुरुजींनी जुन्या मुलांकडून चांगुलपणाची सह्यांची पत्रं मागवली होती. प्रभाकरचं म्हणणं, पत्र द्यायचंच तर कलेक्टरला द्यायचं आणि जागा बंद करायला सांगायचं. सगळ्यांनी भेटून एकदाचं ठरवू या. मी सही करायच्या तयारीनेच गेलो. माझा भाऊ आत होता, मला ती जागा चांगली असायलाच हवी होती.

संगमनेरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही चौघं जमलो. मी, वसंता, प्रभाकर आणि शरद. शरद आमच्या आधीच्या, अगदी पहिल्या तुकडीतला. आम्ही त्याला तिथे प्रथमच पाहत होतो. दुष्काळाचा दुसरा उन्हाळा, हॉटेलवाला पाण्याचा ग्लास मागितल्याशिवाय देत नव्हता.

वसंता आश्रमाच्या बाजूचा. म्हणाला की मला तिथे घातलं नसतं तर आज माझी राखसुद्धा सापडली नसती, आता मी बापाबरोबर शेत बघतो, लग्न ठरलंय. प्रभाकर थंडपणे म्हणाला, सतरा दिवस मला भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं, अजून मी खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपू शकत नाही. बरा झालो तो आश्रमामुळे नाही, आश्रम असूनही झालो. वसंता चिडला. शब्दाला शब्द वाढत गेला. बशीतला चहा निवत होता.

मी मध्ये पडलो. मला वाटलं आता ते सांगायला हरकत नाही. मी म्हणालो, मौन वाईटच, पण आपण पोरं एकमेकांना धरून होतो, हे त्या जागेनेच दिलं ना? हा वसंता पाटीची भीती न बाळगता माझ्यामागे येऊन बसला, म्हणून मी आज आहे.

वसंताने माझ्याकडे बघितलं. "मी? मी कधी आल्तो?"

मला वाटलं लाजतोय. मी शेंगांचं सांगितलं, कालवणाचं सांगितलं. वसंताने बशी खाली ठेवली. मग हळूच प्रभाकरकडे वळून म्हणाला, "मग माज्या मागं कोन बसायचं? मला तर वाटायचं तू हायेस. मास्तराचं पोरगं आपल्यासाठी एवढं करतंय, म्हनून मी तुला घरून आलेलं तूप दिलं हुतं."

"ते तूप कशाबद्दल होतं ते मला आत्ता कळतंय," प्रभाकर म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. सतरा दिवसांपैकी बारा दिवस त्याच्याही मागे कोणीतरी बसत होतं. त्याला वाटायचं, मी. दबक्या आवाजात सगळेच सारखे वाटतात. बोलणं गावाकडचं आहे म्हणून तो मनात हसायचाही, की मधू, म्हणजे मी, वसंताची नक्कल करतोय.

आम्हा तिघांनाही आतून तीच घाई झाली होती, कोणीतरी कबूल करावं, हसावं आणि विषय संपावा. कोणी हसलं नाही.

शरदने आपला कप बाजूला सरकवला. तो म्हणाला, "मी होतो तेव्हा तुमच्यापैकी कोणीच आलेलं नव्हतं. आम्ही सहाच जण होतो. मौनात मी एकटा, बाकीचे पाच दिवसभर विहिरीच्या कामावर." मग म्हणाला, "मला पण आमटी जाड का पातळ ते विचारायचा."

मला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर विजू. मी उठलोच. प्रभाकर थांब म्हणत होता, आधी पत्राचं ठरवू म्हणत होता. ज्याच्या भरवशावर मी भावाला तिथे पाठवलं तो वसंता नव्हता, प्रभाकर नव्हता, तिथलं कोणीच नव्हतं. वसंताने विचारलं नाही की कुठे चाललास. त्याने हॉटेलवाल्याची सायकल मागून घेतली आणि मला डबल सीट घेतलं.

आश्रमात पोचलो तेव्हा चार वाजले असतील. ऊन रणरणत होतं. गुरुजींनी आम्हाला ओळखलं, खूश झाले, त्यांना वाटलं आम्ही पत्रं आणली. मी विजूला भेटायचं म्हणालो. ते म्हणाले, भेटता यायचं नाही, अकरावा दिवस आहे त्याचा, अजून चार राहिलेत, मध्येच मोडू नकोस. माणूस दुष्ट नव्हता, हे मी आजही म्हणतो. त्यांचा त्यांच्या उपायावर विश्वास होता, माझा माझ्या मीटरवर असतो तसा.

मी सरळ मागच्या पडवीत गेलो. विजू भिंतीकडे तोंड करून बसला होता. मान इतकी बारीक झाली होती की पाटीच्या दोरीचा वळ उठला होता. दुष्काळात शेंगा कुठल्या, जुनी पोती उसवून सुतळी काढायला दिली होती. बाजूला सुतळीच्या गुंड्यांची रास पडली होती. गुरुजी मागून आले आणि कौतुकाने म्हणाले, "काम बघ त्याचं. एकटा दोघांचं काम करतो."

वसंताने माझा दंड धरला. विजूच्या मागे शेणाने सारवलेली जमीन होती. तिथे कोणी नव्हतं.

मी खोटं बोललो, वडिलांनी न्यायला पाठवलंय म्हणालो. गुरुजी म्हणाले चिठ्ठी दाखव. वसंता, जो तासाभरापूर्वी त्या जागेसाठी भांडत होता, त्यांना म्हणाला, "चिठ्ठी मागनं येईल गुरुजी. पोरगं आमी नेतोय." मी पाटी काढली आणि विजूचा हात धरून चालायला लागलो. तो मागे वळून बघत होता, मी ओढत होतो. मला फक्त फाट्यावर पोचायचं होतं.

फाट्यावर वसंता आमच्याबरोबर एसटी येईपर्यंत थांबला. बस निघाल्यावर कितीतरी वेळ विजू बोलला नाही. मौनाची सवय जायला वेळ लागतो, मला ठाऊक होतं, म्हणून मीही गप्प होतो. मग त्याने विचारलं, "दादा, त्याला का नाही आणलंस?"

"कोणाला?" मी विचारलं. कोणाला ते मला कळलं होतं.

"माझ्यामागे बसायचा तो. तू न्यायला येशील हे त्यानेच सांगितलं. म्हणाला, मला पण न्यायला सांग. आत्तापर्यंत कोनीच न्हेलं न्हाई."

मी त्याला विचारलं, त्याचं नाव काय? विजू माझ्याकडे आश्चर्याने बघायला लागला.

"मी विचारलं होतं. तर म्हणाला, तुझ्या दादाला ठावं हाय."

पुढे प्रभाकरचं पत्र गेलं, त्याच्यावर आम्हा चौघांच्याही सह्या होत्या. वसंताची पहिली. वर्षभरात आश्रम बंद पडला. त्या आधी आम्ही चौकशीसाठी कलेक्टर कचेरीत आलेलं हजेरीचं रजिस्टर पाहिलं, मावशींना गाठलं, आसपासच्या वस्त्यांवर विचारलं. तिथे कोणी मेलेलं नव्हतं, कोणी पळालेलं नव्हतं, जागेबद्दल कोणाला काही माहीत नव्हतं. उपाशी डोक्याचे खेळ म्हणा... मी स्वतःही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. पण पायली डोक्यात भरत नाही, ती मावशींनी मापली होती.

विजू आज सत्तरीच्या आसपास आहे, नातवंडांत रमलेला. व्यसन सुटलं. आम्ही कोणीच त्या इमारतीकडे परत गेलो नाही. भीती वाटली म्हणून, उगाच दुसरं कारण कशाला देऊ. आश्रम चांगला की वाईट यावर आमचं एकमत कधी झालं नाही, पण आम्हाला सगळ्यांना ज्याने सांभाळलं त्याला एकटं टाकून आम्ही घरी आलो, यावर आहे. त्याने मला माझ्या आईबद्दलसुद्धा विचारलं होतं. मी त्याला सहा दिवस दुसऱ्याच्याच नावाने हाक मारली आणि त्याने दरवेळी ओ दिली.