पात्याचा कल

आमच्या घरी दोन चाकू आहेत. एक घडीचा, लाकडी मुठीचा, नवऱ्याचा जुना. दुसरा भाच्याने आणून दिलेला. त्यात पकड, कात्री, करवत, पेचकस असं सगळं बिऱ्हाड एका मुठीत दुमडून बसलेलं आहे, म्हणून त्याचं नाव पकडवाला. या दोघांची उस्तवार माझ्या गळ्यात पडेल असं कधी वाटलं नव्हतं. मी शाळेत शिकवते. माझा धारेशी संबंध भाजी चिरण्यापुरता, आणि तीही घाईघाईत चिरलेली.

नवऱ्याची संत्र्याच्या रोपांची नर्सरी आहे, कारंजा गावाच्या पुढे, हायवे सोडून थोडं आत. घरही तिथेच. जंभेरीची, म्हणजे जाड सालीच्या रानटी लिंबाची, रोपं वाढवायची आणि हिवाळ्यात त्यांच्यावर संत्र्याचा डोळा भरायचा, असा तो धंदा. जंभेरीच्या सालीला छोटा छेद द्यायचा, चांगल्या झाडाच्या काडीवरचा डोळा सालीसकट अलगद काढायचा, छेदात सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. वाचायला सोपं वाटतं. मलाही बघताना सोपंच वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. थोडेफार शब्द उरले, तेही हवे तेव्हा येतील याचा भरवसा नाही. हिवाळा लागला तोवर जंभेरी भरायला आली होती आणि डोळे भरणारी माणसं दुसऱ्या नर्सऱ्यांमध्ये अडकली होती. हे वर्ष गेलं असतं तर नर्सरी मोडली असती, आणि नर्सरी मोडली असती तर खुर्चीत बसून बघायलाही त्यांच्यापुढे काही उरलं नसतं. ते मला दिसत होतं. म्हणून मीच चाकू हातात घेतला. शाळा, स्वयंपाक, त्यांचं उठवणं-बसवणं, आंघोळ, औषध, आणि वर हे. कोणी "कशी आहेस" विचारलं की मी "मस्त" म्हणायचे, कारण खरं सांगायला बसावं लागलं असतं.

सुरुवातीला पकडवाला वापरला, तो हातात भरतो म्हणून. पण त्याचं पातं जाड. दोरी कापा, पाइप कापा, तारेवरचं प्लास्टिक खरवडा, त्याची ना नाही. जंभेरीची साल मात्र तो कापेना, फाडायचा. मग घडीचा काढला. रोज संध्याकाळी त्यांची खुर्ची अंगणात आणायची, शेजारी धारेचा दगड मांडून मी बसायचे आणि दोन्ही चाकू सारखेच घासायचे. आई पायरीवर विळा घासायची तसे, पातं चांगलं उभं धरून, खर्र खर्र. असं घासलं की धार पटकन येते. अंगठ्याला लागते, कागद कापते, आणि आपल्याला वाटतं जमलं. पण धारेच्या मागे पातं जाडच राहतं. सालीत शिरलं की ते पाचरीसारखं वागतं, डोळा चिरडून निघतो. हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच कळायचं की सकाळी शाळेआधी डोळे भरायला वाफ्यात गेले की आधी भरलेले काळे पडलेले असायचे. चिडून मी संध्याकाळी आणखी जोर लावून घासायचे.

आणि मी घासायला लागले की ते म्हणायचे, "निजव."

आता निजव म्हटल्यावर बायको काय करणार? चाकू खाली ठेवायची, पदर खोचायची, त्यांचा डावा हात माझ्या मानेवर घ्यायची आणि ओढत-सावरत आतल्या खोलीत नेऊन पलंगावर निजवायची. माणूस आजाराने बारीक झाला, पण वजन कुठे गेलं नाही. निजवलं की ते भिंतीकडे तोंड करायचे. कधी डावी मूठ गादीवर आपटायचे. बाहेर उजेड असायचा, आणि हे आत अंधारात. मी बाहेर येऊन पुन्हा खर्र खर्र. शेजारची म्हणायची, "आजारी मानूस चिडतेच बाई, मनावर नोको घेऊ." मी मनावर घेत नव्हतेच. मनावर घ्यायलाही ताकद लागते.

एके दिवशी शाळेत परीक्षा होत्या, घरी आले तर मोटार बंद पडलेली, वाफे कोरडे. सगळं उरकून दगडापाशी बसले तेव्हा कंबरेचे तुकडे झाले होते. दोन हात मारले नाहीत तोच हे, "निजव."

"बसा तसेच," मी म्हटलं. "मी आता नाई उठत. मले माहंच अंग उचलत नाई, तुमाले कुठून उचलू?"

"निजव."

"नाई म्हटलं नं."

ते गप्प बसले नाहीत. "निजव, निजव," म्हणत खुर्चीतून इतके वाकले की आता पडतात असं वाटून मी दगड सोडला. पण ते पडत नव्हते. त्यांनी डावा हात लांब करून माझ्या मनगटावर ठेवला आणि चाकू धरलेला माझा हात खाली दाबला. उभं पातं कलत कलत दगडाला जवळजवळ टेकलं. पाठीकडच्या बाजूला करंगळीचं नख जाईल एवढीच फट राहिली.

"निजव," ते म्हणाले. ते पात्याला म्हणत होते.

मग एकदम राग आला, कोणाचा ते सांगता येणार नाही. "म्हंजे इतके दिवस तुमाले झोपायचं नोतं?" त्यांनी 'नाही' अशी मान हलवली. "मंग बोल्ले काऊन नाई?" मी ओरडले. ज्याची वाचा गेली त्याला मी हे विचारत होते. ते ऐकून त्यांच्या तोंडाची चालणारी बाजू हसली. मला हसू आलं नाही. मला रडू आलं, आणि रडायचाही कंटाळा आला.

मग दगडावर पाणी शिंपडून, पातं निजवून घासलं. आवाजच बदलला, खर्र जाऊन नुसती सळसळ. वेळ फार लागत होता, पण काडीवर फिरवून पाहिलं तर डोळा सोलून हातात आला, खाली गुळगुळीत हिरवा. लगेच पकडवालाही तसाच निजवला, तर त्यांनी बोट घालून त्याचं पातं थोडं उचललं. बरोबरच होतं. त्याला तारा खरवडायच्या. इतकी बारीक धार पहिल्याच तारेवर तुटली असती. प्रत्येकाचा कल त्याच्या कामावर. एवढं ते बोटाने सांगत होते आणि मी न चिडता ऐकत होते.

दिवेलागण झाली तरी ते अंगणातच होते. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता. त्यांची नजर वाफ्यांवर होती, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा कोणी काही हिसकावून नेल्यासारखा दिसत नव्हता.

"पाणी," ते म्हणाले.

हा त्यांचा रोजचा शब्द. सवयीने मी अर्धी उठले, आणि थांबले. "कोणाले?" मी विचारलं. "तुमाले, का या धारेच्या गोट्याले?"

दोन्हीला त्यांनी 'नाही' अशी मान हलवली. मग खुर्चीशेजारचा स्वतःचा पेला डाव्या हाताने उचलला आणि अर्धंअधिक सांडत माझ्यापुढे धरला. शाळेतून आल्यापासून माझ्या पोटात पाण्याचा घोट गेला नव्हता.