मार्थाताईला वाचून न दाखवलेली पानं

मार्थाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांना डिंक लावत बसले होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. फोनवर तिची सून कृपा होती. "मावशी, आई गेल्या," एवढंच म्हणाली. रडली नाही, चार महिन्यांत त्या पोरीचं रडणं संपून गेलं असावं. मी "बरं" म्हणाले. कुणी पुस्तकाची मुदत वाढवून मागितली की म्हणते तसंच अगदी. मग फोन ठेवला आणि हातातल्या पुस्तकाचा कणा नीट चिकटवून पुरा केला. आता सहा आठवडे झाले. भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, तुम्ही तिची फार सेवा केलीत, रोज जाऊन वाचून दाखवायचात... हे ऐकलं की तिथून उठून जावंसं वाटतं. मी काय वाचून दाखवलं, ते त्यांना माहीत नाही. ते एकदा लिहून टाकायला हवं.

जालन्यात ती मार्था सिस्टर म्हणूनच ओळखली जायची. बत्तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढलेली, उंच, खणखणीत आवाजाची आणि वाचनाची भयंकर भूक असलेली बाई. मी ग्रंथालयात नवीन लागले होते. आमच्या घरी उर्दू बोलतात, मराठी मी शाळेत शिकले. त्यामुळे मराठी पुस्तकांच्या कपाटांच्या किल्ल्या आपल्या हाती आल्याचा मला फार तोरा होता आणि नियम सगळे तोंडपाठ. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचक पेन्सिलीनं अभिप्राय लिहून ठेवतात, हे आम्हा ग्रंथालयवाल्यांचं जुनं दुखणं. 'छान आहे', 'वेळ फुकट गेला', 'लेखकाचं लग्न झालेलं दिसत नाही'. लिहिणारा कधी सापडत नाही. मला सापडली. खिडकीजवळच्या बाकावर पांढऱ्या साडीतली एक नर्स मन लावून लिहीत होती. मी तिच्यापुढे खोडरबर ठेवलं आणि म्हटलं, "सिस्टर, खोडा ते." ती निमूट खोडू लागली. खोडता खोडता म्हणाली, "खोडते. पण ह्या पुस्तकातून एक माणूस जाऊन आलं, हे पुढच्याला कळाया नको का, पोरी?" त्यानंतर तिनं ग्रंथालयाच्या पुस्तकात एक अक्षर लिहिलं नाही. आमची गट्टी मात्र जमली. सिस्टरची ताई झाली आणि तुम्हीचं तू कधी झालं ते कळलं नाही.

तिच्या वाचनाचे दोन भाग होते. एक, ख्रिस्ती पुस्तकं. तिचा नवरा डॅनिएल दवाखान्यात कंपाउंडर होता. त्याच्या कपाटात रोजच्या मननाची पुस्तकं, मिशनऱ्यांची चरित्रं, मोठ्या आजारातून उठलेल्या माणसांच्या साक्षी, असं सगळं ओळीनं लावलेलं. दुसरा भाग माझ्याकडचा, ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या. गढी, घोडा, शत्रूच्या गोटातला देखणा स्वार आणि त्याच्यावर जीव जडलेली सरदाराची लेक. ती दोन्हींवर प्रेम करायची आणि दोन्हींशी भांडायची. "ह्या लेखकानं पोटुशी बाई नवव्या म्हैन्यात घोड्यावर बसवलीय. ह्याला एकदा वॉर्डात उभा करायला पायजे," असं म्हणून पुस्तक माझ्या टेबलावर ठेवायची. आणि मग लगेच, "पण आमची पुस्तकं तरी काय... जो तो हसत मरून राह्यला. बत्तीस वर्षांत हसत मेलेलं एक माणूस पाह्यलं न्हाई मी." रविवारची उपासना मात्र तिनं कधी चुकवली नाही, आणि डॅनिएल गेल्यावर त्याचं कपाट पहिल्या पुस्तकापासून पुन्हा वाचायला घेतलं.

प्रेमकादंबऱ्यांचं एवढं वेड का, ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. ती मूळची हसनाबादची, शेतकऱ्याच्या घरातली यमुना. नर्सिंग शिकायला जालन्यात आली, डॅनिएलशी लग्न केलं, त्याचं चर्च तिचं झालं आणि नावही बदललं. घरी तिचं लग्न दुसरीकडे ठरलेलं होतं. थोरला भाऊ विठ्ठल एकदाच दवाखान्याच्या फाटकापर्यंत आला आणि "आमची यमुना वारली" एवढं सांगून परत गेला. त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. हसनाबाद एसटीनं दीड तासावर, पण ती गेली नाही आणि तोही आला नाही. मी एकदा न राहवून विचारलं, "ताई, तूच का जात न्हाईस?"

"जाणार हाय ना. पण एकदाच, शेवटाला. आत्ता गेले अन् त्यानं दार लावून घेतलं, तर ते बंद दार घेऊन मला जगावं लागंल. वेळ आल्यावर गेले अन् लावलं, तर चार दिवसांचा प्रश्न." मग म्हणाली, "नर्स हाय मी. वेळ आली की मला बराबर कळंल."

तिला ते कळू नये, याची व्यवस्था आम्ही सगळ्यांनी मिळून केली.

गेल्या दिवाळीनंतर तिला जेवण जाईना. मुलगा सॅम्युएल एमआयडीसीत बियाणांच्या कंपनीत आहे. त्यानं रजा टाकून तिला मोठ्या शहरात नेलं, तपासण्या केल्या. पोटात गाठ होती आणि ती पसरलेली होती. डॉक्टरांनी महिने सांगितले, तेही थोडे. परत आल्यावर सॅम्युएलनं कृपाला आणि मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटून घेतलं. "आईला अल्सर म्हणून सांगायचं. खरं कळलं तर ती हाय खाईल." आम्ही दोघींनी माना हलवल्या. मधुमेहानं ताईची नजर आधीच अधू झालेली, रिपोर्ट काय, खिडकीबाहेरचं झाडही तिला धड दिसत नव्हतं. कृपा गोळ्या पाकिटातून काढून वाटीत घालून द्यायची, म्हणजे ताईनं कुणाकडून नाव वाचून घ्यायला नको. "अल्सरला एवढं वजन उतरत न्हाई," असं ताई एकदा म्हणाली. मी म्हटलं, "वय झालं आता." 

दुपारी ग्रंथालय बंद असतं, त्या वेळात मी तिच्याकडे जाऊन वाचू लागले. चर्चच्या बायका येताना पुस्तकं आणायच्या, बहुतेक सगळी साक्षीची. डॉक्टरांनी हात टेकले, घरच्यांनी आशा सोडली, प्रार्थना केली आणि रोगी उठून चालू लागला. बायका मनापासून आणत होत्या, त्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. मीही मनापासून वाचत होते. अशा वेळी मार्थाताईला तिच्याच धर्माचं ऐकवावं, असं मला वाटे. ताई डोळे मिटून ऐकायची. एकदा म्हणाली, "ह्यातल्या एकालाही फिरून दुखलं न्हाई?" मी म्हटलं, पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही. "मंग फुडचं पान छापलं नसंल," ती म्हणाली.

तिसऱ्या महिन्यात तिनं नाव घेऊन एक जुनी कादंबरी मागितली. खालच्या कपाटातली, कित्येक वर्षं कुणी न नेलेली. मला वाटलं, नाव कुठंतरी ऐकलं असेल. कथा नेहमीची होती: गढीवरची मुलगी शत्रूच्या पथकातल्या स्वाराबरोबर पळून जाते, बाप तिचं नाव टाकतो, पुढे वर्षांमागून वर्षं जातात. आम्ही रोज वीस-पंचवीस पानं वाचत होतो. ताईमध्ये पुन्हा जीव आल्यासारखा वाटत होता, भांडणं सुरू झाली होती, घोड्यांच्या रंगावरूनसुद्धा. शेवटचं प्रकरण मी आदल्या दिवशी ग्रंथालयातच वाचून पाहिलं. त्यात ती मुलगी, आता प्रौढ बाई, बापाला भेटायला निघते; पण निघायला उशीर झालेला असतो. नदीकाठी तंबूत तापानं मरते. पलीकडे गढी दिसत असते आणि बाप दरवाजात बसून असतो. शेवटची ओळ वाचली आणि मी पुस्तक मिटलं. हे तिला वाचून दाखवायचं नाही, असं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. माझ्या स्वभावाला ते शोभण्यासारखं नव्हतं. ग्रंथालयाच्या पुस्तकात टिंब वाढवलेलं मला खपत नाही. पण ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक मांडीवर उघडं ठेवून मी त्यात नसलेला शेवट वाचला. ताप उतरवला, नदी ओलांडायला लावली, मेणा गढीच्या दाराशी आणला. बापानं स्वतः पुढे होऊन लेकीला हात दिला... मला ते इतकं सहज जमलं की माझंच मला नवल वाटलं.

ताईनं डोळे उघडले. मग म्हणाली, "पोचली?"

"पोचली."

"त्यानं घरात घेतलं?"

"घेतलं, ताई."

"असं लिहिलंय त्यात?"

"असंच लिहिलंय."

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली.

चार दिवसांनी मी उशी सरळ करत होते तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. "रझिया, हसनाबादला जायला एक गाडी करशील का?" सॅम्युएल दारात उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "थोडी बरी हो, मंग जाऊ. उन्हं बी कमी होतील." तिनं मनगट सोडलं. त्यानंतर हसनाबादचं नाव काढलं नाही, कादंबरीही मागितली नाही. "ती साक्षीचीच पुस्तकं वाच आता," म्हणाली. "सगळ्यांचं चांगलंच व्हायचं असंल, तर तीच बरी." मला वाटलं, तिच्या मनाला शांती मिळाली. घरी जाऊन तसं बोलूनही दाखवलं. पुढचे तीन आठवडे मी रोज एका नव्या माणसाला बरं करत होते आणि माझ्यापुढे ती वाळत चालली होती. शेवटी शेवटी ती कुणाचंच नाव घेत नव्हती. ती हसत गेली नाही, एवढं मी सांगते. कृपानं तिचा चेहरा पुसला तेव्हा मी तिथे होते.

पुस्तक माझ्याकडेच राहिलं होतं. ती जाऊन तीन आठवडे झाले तेव्हा ते परत कपाटात लावायला घेतलं. लावण्याआधी मागचं कोरं पान पाहायचं, ही माझी सवय... त्या दिवशी शेवटची ओळ वाचून मी मिटलं होतं, पुढचं पान उलटलंच नव्हतं. त्या पानावर पेन्सिल होती. अक्षर तरुण आणि ठसठशीत होतं, पण तिचंच, खाली 'सि. मा.' अशी सहीसुद्धा. मी खोडरबर घेऊन तिच्यापुढे उभी राहिले, त्याच्याही आधीचं. लिहिलं होतं: 'ही मरते. वाटेतच. बाप बसून राहतो. आवडलं नाही पण खोटं नाही. मी मात्र वेळेवर निघीन.'

तिनं ती कादंबरी वाचलेली होती. शेवट तिला पाठ होता. घरात कुणी खरं बोलत नव्हतं म्हणून तिनं माझ्याकडून ते वाचून घ्यायचं ठरवलं, आणि मी पानाकडे बघत तिच्याशी खोटं बोलले. शेवट बदलला तेव्हाच तिला कळलं असणार की वेळ आली आहे. पण न्यायला कुणी तयार होणार नाही, हेही त्याच वेळी कळलं असणार. तिला नजर नव्हती, पायांत बळ नव्हतं. तिच्या हातात एवढा एकच उपाय होता, मला विचारणं, आणि तोही तिनं करून पाहिला. मी स्वतःला समजावून पाहिलं की घरच्यांचंच तसं सांगणं होतं. त्यानं काही होत नाही. मला तिची भीती वाटली होती, तिच्या मरणाची नाही. ती माझ्यासमोर रडेल याची. म्हणून मी शेवट बदलला.

मागच्या आठवड्यात हसनाबादला गेले. सॅम्युएलनं तिकडे कळवलंच नव्हतं, तो तिथे कुणाला ओळखत नाही. विठ्ठलदादा ओसरीवर बसले होते, ऐंशीच्या पुढचे, तिच्यासारखेच उंच. मी कोण, कुठून आले, ते सांगितलं, आणि बहीण गेल्याचं सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"कधी?"

"महिना होऊन गेला."

"काही बोलली का ती... आमच्याबद्दल?"

एसटीत बसल्यापासून माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. 'दादाला सांग, माझ्या मनात काही नाही.' ती असं काही म्हणाली नव्हती. ते वाक्य ओठांवर आलं होतं, म्हातारा माणूस समोर बसलेला, आणि मला ही कला आता येत होती. पण तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. ती पंचेचाळीस वर्षं कशासाठी थांबली होती ते सांगितलं, कादंबरीचं सांगितलं, मागच्या पानावर काय निघालं ते सांगितलं. "गाडी कर म्हणाली होती. मी केली नाही," असंही सांगितलं.

त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलली. मग म्हणाले, "तुम्ही आणायला पायजे व्हतं."

आवाजात राग नव्हता. मी "हो" म्हणाले. आणली असती तर दार उघडलं असतं का, हे विचारायचं माझ्या मनात आलं, पण तो हक्क मला नव्हता.

त्यांच्या सुनेनं आतून स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. मी निरखून बघते आहे हे पाहून ती म्हणाली, "आत्याबाईंच्या लग्नाला घेतलेली भांडी हायेत. लग्न मोडलं, भांडी राह्यली. मामंजी दुसऱ्या ताटात जेवतच न्हाईत." रोज घासून घासून ठिपके पुसट झाले होते, तरी अक्षरं लागत होती. मी पेला उजेडाकडे धरला आणि होतं ते, तसंच, मोठ्यानं वाचलं.

"चिरंजीव यमुनास, दादाकडून."

विठ्ठलदादांनी मान खाली घातली. पाणी माझ्या हातात तसंच राहिलं.